धुऱ्यावरील करवंदीचे कुंपण

हिंगोली जिल्ह्यात दर उन्हाळ्यात बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून शेताच्या धुऱ्यावर काटेरी कुंपण घातले जाते. पावसाळ्यात ते कुजू लागते, पुढे त्यास वाळवी लागते, आणि हरभरा घाट्यावर येईपर्यंत त्यास जागोजागी खिंडारे पडलेली असतात. वर्षानुवर्षे तेच श्रम करावे लागतात व माळावरील झुडपे मात्र कमी होत जातात. याऐवजी एकदा लावून दीर्घकाळ टिकणारे कुंपण हवे असेल तर करवंदीचा विचार अवश्य करावा.

करवंदीच्या जाळ्या सह्याद्रीच्या उतारांवर विपुल आढळतात. मराठवाड्यात त्या विरळ असल्या तरी हे झुडूप येथे परके नव्हे. सेनगाव, औंढा नागनाथ व कळमनुरी या तालुक्यांतील मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनी, जेथे दुसरे फळझाड तग धरीत नाही, अशा ठिकाणीही करवंदी वाढते. तिला पाणी थोडे पुरते; परंतु मुळाशी साचलेले पाणी तिला सोसत नाही. म्हणून वसमतकडील भारी काळ्या रानात ती सखल जागी न लावता बांधाच्या उंच भागावर लावावी.

डोंगरातील मोठी झुडपे उपटून आणण्याचा मोह टाळावा. त्यांची खोल गेलेली मुळे तुटतात व झुडपे बहुधा वाळून जातात. रोपे बियांपासूनच तयार करावीत, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर नष्ट होते. मे-जूनमध्ये पिकलेल्या फळांतील बी डब्यात जपून ठेवून पुढील वर्षी पेरल्यास निराशाच पदरी पडते. पूर्ण पिकलेली, काळीभोर फळे घेऊन गर चोळून धुवावा, बी एक-दोन दिवस सावलीत सुकवावे व लगेच पिशव्यांत पेरावे. माती, वाळू व चाळलेले शेणखत यांचे मिश्रण चांगले. बी अर्ध्या इंचाहून खोल घालू नये. ज्या झुडपास मोठी व भरपूर फळे लागतात त्याचेच बी निवडावे. तरीही सर्व रोपे आईसारखी निघतील अशी अपेक्षा करू नये. हुबेहूब तसेच झाड हवे असल्यास पावसाळ्याच्या आरंभी गुटी बांधावी. दापोली येथील कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हा मोठ्या फळांचा वाण दिला आहे. तो कोकणातील हवामानाचा असल्याने येथे प्रथम पाच-दहा रोपे लावून पाहणे शहाणपणाचे.

रोपे वर्षभर सांभाळून पुढील पावसाळ्याच्या सुरुवातीस लावावीत. फूटभर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन प्रत्येकात घमेलेभर शेणखत मिसळावे. कुंपणासाठी दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवावे; दोन ओळी केल्यास दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील मोकळ्या जागेसमोर यावे. ओळ धुऱ्याच्या मध्यावर न घेता आपल्या हद्दीत तीन फूट आत घ्यावी. धुऱ्यावरून होणारे तंटे कोणास नवे नाहीत!

पहिली दोन वर्षे वाढ मंद असते व कोवळी पालवी शेळ्या खातात. तोवर जुने काटेरी कुंपण बाहेरच्या बाजूस राहू द्यावे, तण काढावे आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावे. तिसऱ्या वर्षापासून थोडी फळे दिसू लागतात. जाळी दाट झाली म्हणजे गुरे व शेळ्या तीत शिरत नाहीत. रोही मात्र उंच उडी घेतो; करवंदीने तो हमखास अडेल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

कुंपण नीटनेटके दिसावे म्हणून वारंवार छाटणी करणाऱ्यास फळे थोडी मिळतात, कारण फुले फांद्यांच्या शेंड्यांशी येतात. फळे उतरल्यावर जून-जुलैत एकदाच हलकी छाटणी करावी. फांदी कापताच पांढरा चीक निघतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. जोडकाटे कठीण असल्याने हातमोजे वापरावेत.

लोणच्यासाठी फळे कच्ची, हिरवी असतानाच तोडावीत. ती काही दिवस टिकतात. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून हाटात विकली जाणारी पिकली फळे नाजूक असल्याने तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत विकावी लागतात. करवंदात पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली जमते. घरगुती उद्योग करणाऱ्या महिला बचत गटांना हा माल गावातच मिळू शकेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच चांगल्या जाळ्या हेरून ठेवाव्यात व फळे पिकताच शेतकऱ्यांसमोर पिशव्या भरून दाखवाव्यात. जुलै उलटल्यावर बियांची चौकशी करणाऱ्यास पुढील हंगामाचीच वाट पाहावी लागेल.