पोलादी घड्याळ सोन्याहून महाग का?

सोने महाग की पोलाद? असा प्रश्न कोणी विचारला तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण 1972 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे भरलेल्या घड्याळांच्या प्रदर्शनात असेच एक कोडे मांडलेले होते. ओदमार पिगे या जुन्या स्विस कंपनीने 'रॉयल ओक' नावाचे एक मनगटी घड्याळ तेथे ठेवले होते. त्याची डबी स्टेनलेस स्टीलची आणि पट्टाही स्टीलचाच. किंमत मात्र सोन्याच्या अनेक घड्याळांहून जास्त! झेराल्द जेंता या कलावंताने त्याचा आराखडा काढला होता. काचेभोवतीचे कडे अष्टकोनी आणि त्यावर आठ स्क्रू. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून ही कल्पना त्याला सुचली. पुढे अशा भारी किमतीच्या पोलादी 'स्पोर्ट्स' घड्याळांची एक जातच निर्माण झाली.

साध्या पोलादात एवढे मोल आले कोठून? हे कोडे आपण शास्त्राच्या मदतीने सोडवू या.

न दिसणारे कवच

साध्या लोखंडाचा गंज सुटा आणि भुसभुशीत असतो. तो झडतो, आतले लोखंड उघडे पडते आणि गंजणे चालूच राहते. 1913 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हा बंदुकीच्या नळीसाठी लवकर न झिजणारे पोलाद शोधत होता. त्याने पोलादात सुमारे 13 टक्के क्रोमियम मिसळले आणि ते सहजासहजी गंजत नाही असे त्याला आढळले. या क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक घट्ट, पारदर्शक थर तयार होतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या काही पट. ओरखडा पडला तरी हवा लागताच थर पुन्हा तयार होतो. जणू धातू आपली जखम आपणच भरून काढतो!

मग घामाचे आणि समुद्राच्या पाण्याचे काय? मिठातील क्लोराइड या थराला बारीक भोके पाडते. म्हणून चांगल्या घड्याळांसाठी बहुधा '316 एल' नावाचे पोलाद वापरतात. त्यात क्रोमियम व निकेल यांच्या जोडीला 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते. त्यामुळे मिठाचा हल्ला पुष्कळसा थोपवला जातो.

धातू स्वस्त, मेहनत महाग

या पोलादाची आणखी एक गंमत आहे. त्याला कापू लागले की कापलेला पृष्ठभाग अधिकच कठीण होतो आणि हत्यारांची धार लवकर जाते. 'रॉयल ओक'चे पहिले नमुने तर पांढऱ्या सोन्यात घडवले होते, कारण पोलादापेक्षा सोने घडवणे सोपे! धारदार कडा, एकीकडे झिलई तर शेजारीच बारीक रेघांचा पृष्ठभाग, या साऱ्याला कुशल हात आणि वेळ लागतो. त्यावर कंपनीच्या नावाचे व दुर्मिळतेचे मोल चढते.

पण जास्त किंमत म्हणजे जास्त अचूक वेळ, असे मात्र समजू नका. अशा घड्याळात बहुधा कमानीवर चालणारे यंत्र असते. त्याचे संतुलनचक्र सामान्यतः सेकंदाला 8 ठोके देते. उत्तम यंत्रही दिवसाला काही सेकंद मागेपुढे होते. उलट स्वस्त क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि त्याची चूक बहुधा महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या आतच राहते!

निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट पाण्याची. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. परंतु घड्याळावर '30 मीटर' लिहिले म्हणजे ते घेऊन 30 मीटर खोल जावे असे नव्हे. तो आकडा प्रयोगशाळेतील कसोटीचा असतो. असे घड्याळ पावसाचे शिंतोडे सोसेल. पोहण्यासाठी 100 मीटरचे बरे. पाणबुड्यांच्या घड्याळावरील फिरते कडे एकाच दिशेने फिरते. धक्का लागून ते सरकलेच, तर पाण्याखाली गेलेला वेळ प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. पाणबुड्या लवकर वर येतो आणि त्याचा जीव वाचतो.

दुसरी गोष्ट मनगटाची. डबीची टोके मनगटाबाहेर येऊ नयेत. उन्हाळ्यात मनगट थोडे फुगते, म्हणून पट्ट्याखाली करंगळीचे टोक जाईल इतकी जागा ठेवावी. निकेलमुळे ज्यांच्या त्वचेवर पुरळ उठते, त्यांना टायटॅनियमचे घड्याळ सोयीचे.

वापरताना काय सांभाळावे?

चावीचे बटण स्क्रूचे असेल तर पाण्यात जाण्यापूर्वी ते घट्ट बसवावे. समुद्रात वापरल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. पट्ट्याच्या कड्यांत घाम आणि मळ साचतो. तेथे हवा पोचत नाही आणि ते कवच भरून येत नाही. म्हणून मऊ ब्रशने तो काढावा. पाणी अडवणारी रबरी कडी कालांतराने कडक होतात; ती घड्याळजीकडून तपासून घ्यावीत. ध्वनिक्षेपक व चुंबक यांपासून घड्याळ दूर ठेवावे, नाहीतर आतली बारीक कमान चुंबकित होऊन वेळ चुकू लागते.

आता एक प्रयोग करा. घरातले कोणतेही घड्याळ घ्या. सलग दहा दिवस ठराविक वेळी मोबाइलच्या वेळेशी ते ताडून पाहा, फरक सेकंदांत लिहा आणि आलेख काढा. वर्गातील सर्वांचे आलेख शेजारी शेजारी लावा आणि प्रत्येकाखाली घड्याळाची किंमत लिहा. किंमत आणि अचूकपणा यांचे नाते काय आहे, हे मग कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.