हमीपत्रानंतर त्या मुलीचे काय? युवकांसोबतच्या कामाची पद्धत बदलायला हवी

परभणी तालुक्यातील पोखर्णी हे गाव नृसिंह मंदिरामुळे सर्वांना परिचित आहे. येथून परभणी शहर एसटीने किंवा रेल्वेने गाठता येते. वसतिगृहे, महाविद्यालये, समाजकल्याण कार्यालय सारे तिथे आहे. तरीही अशा गावांतील कितीतरी मुले-मुली शिक्षणातून मध्येच गळतात. गरिबी हे त्याचे मोठे कारण आहेच. पण युवकांसोबत काम करण्याची आपली पद्धतही तपासली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ही पद्धत नियमापासून सुरू होते. मुलगा योजनेत बसतो का, कागद पूर्ण आहेत का, एवढे पाहिले की काम संपते. समाजकार्यात दुसरी पद्धत आहे. तिला सेवार्थी-केंद्रित पद्धत म्हणतात. सेवार्थी म्हणजे ज्याच्यासाठी आपण काम करतो ती व्यक्ती. इथे पहिला प्रश्न असतो: तुला काय हवे आहे आणि तुझी अडचण काय आहे?

बालविवाहाचे उदाहरण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न 18 वर्षांच्या आत झाले होते. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के होते, म्हणजे जवळपास निम्मे.

समजा, 1098 वर फोन गेला. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे गावपातळीवरचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. ते पोलिसांसह पोहोचले, आई-वडिलांकडून हमीपत्र घेतले, लग्न थांबले. नियमाप्रमाणे काम झाले. पण मुलीची शाळा आधीच सुटलेली असेल, दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला जाणार असतील आणि तिला कोणाकडे ठेवायचे हाच घरचा प्रश्न असेल, तर तो तसाच राहतो. मग दुसऱ्या गावात गुपचूप लग्न उरकले जाण्याची भीती असते.

मुलीशी एकटीने, विश्वासात घेऊन बोलले तरच हे कळते. मग उपाय वेगळा निघतो: वसतिगृहात प्रवेश, आजीकडे राहण्याची सोय, सुटलेल्या परीक्षेचा फॉर्म आणि पुढे दर महिन्याला विचारपूस.

कायदा आड येत नाही

बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये लग्नाचा धोका असलेले बालक ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ मानले आहे. बालकाचे म्हणणे ऐकून घेणे हे या कायद्याचे मूलतत्त्व आहे. बाल कल्याण समितीपुढील प्रकरणात सामाजिक तपासणी 15 दिवसांत पूर्ण करायची असते आणि प्रत्येक बालकासाठी वैयक्तिक काळजी आराखडा करायचा असतो. हा आराखडा मुलीला न विचारता कार्यालयात बसून भरला, तर तो आणखी एक कागद ठरतो.

योजनांचेही तसेच. नवबौद्ध व अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत किमान 50 टक्के गुणांची अट आहे. 47 टक्के मिळवलेल्या मुलाला ‘तू बसत नाहीस’ असे सांगून परत पाठवता येते. त्याला बसवून घेऊन पुढे काय करायचे आहे हे विचारले, तर आयटीआय, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असे मार्ग समोर येतात. अट बदलत नाही, पण मुलगा रिकाम्या हाताने परतत नाही.

धम्माची शिकवण

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उशिरा, उपाशीपोटी धम्म ऐकायला आला. भगवान बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच उपदेश केला. समोरच्या माणसाची गरज आधी पाहणे म्हणजे काय, हे यातून कळते.

काय करता येईल?

विहारात, जयंती मंडळात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी ऐकावे, नंतर सल्ला द्यावा. मुला-मुलींशी पालकांसमोर आणि वेगळेही बोलावे. प्रत्येकाची पुढची पायरी त्याच्याशी ठरवून वहीत लिहावी आणि ठरल्या दिवशी पुन्हा भेटावे. केवळ किती अर्ज भरले एवढेच मोजू नये. किती जण वर्षभराने शिकत आहेत, तेही पाहावे.

एक भान मात्र हवे. सेवार्थी-केंद्रित म्हणजे मुले म्हणतील ते मान्य करणे नव्हे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे मुलाला आधीच स्पष्ट सांगावे आणि त्या वेळी त्याच्यासोबत उभे राहावे.

नियम मुलांच्या संरक्षणासाठी आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण हमीपत्रावर सही झाली म्हणजे आपले काम संपले, असे मानू नये. त्या मुलीसोबतचे खरे काम तिथून पुढे सुरू होते.