खेळण्यावरची खूण पाहिलीत का?

परवा नातीनं वाढदिवसाला आलेल्या बाहुलीचा डोळाच उपटला, नि थेट तोंडात! ओठातच होता म्हणून निभावलं. बाहुलीचं खोकं मी न बघताच रद्दीत टाकलं होतं.

मैत्रिणींनो, 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ‘आयएसआय’ खूण सक्तीची आहे. ती देण्याआधी खेळणं पाडून, ओढून, पिळून पाहतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा तुकडा घशात अडकेल एवढा लहान निघता कामा नये. रंगातल्या शिशालाही मर्यादा आहे. खुणेखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की खरं-खोटं कळतं.

नोंदणीकृत हस्तकारागिरांना या खुणेतून सूट आहे. तिथं डोळे, चाकं आपणच ओढून पाहावीत.

बटणासारख्या सेलचं झाकण स्क्रूनं बंद हवं. असा सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक इस्पितळ गाठा.

आणि भेट आली की खोकं टाकण्याआधी खूण शोधा. नसेल, तर खेळणं बाजूला ठेवा. पाहुणे रुसले तर रुसू देत!