रक्तदाबामागील मज्जातंतू

रक्तदाब वाढला की दोष हृदयाला दिला जातो. वस्तुतः त्यात अनुकंपी मज्जासंस्थेचा वाटाही मोठा असतो. संकटसमयी ही संस्था हृदयाची गती वाढविते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि मूत्रपिंडांना मीठ व पाणी राखून ठेवावयास लावते. संकट टळूनही ही सज्जता ओसरली नाही, तर दाब चढाच राहतो.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातील रेसरपिन या मज्जातंतूंच्या टोकांतील उत्तेजक द्रव्याचा साठा रिता करते, हे पुढे कळले. आज औषधे अनेक आहेत. परंतु बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करणे घातक होय. क्लोनिडिनसारखी गोळी एकाएकी सोडल्यास दबलेली संस्था उसळते आणि दाब पूर्वीहूनही चढू शकतो. वेदना नाही, म्हणून विकार नाही, असे नव्हे.