पोळी बंद, तरीही गहू पोटात
सिलिअ‍ॅक आजाराचे निदान झालेल्या मुलासाठी पोळी बंद होते, ज्वारी-नाचणीची भाकरी सुरू होते आणि पथ्य पाळले गेले, असा कुटुंबाचा समज होतो. मात्र गहू व जव यांतील ग्लुटेन हे प्रथिन अत्यल्प प्रमाणातही अशा रुग्णाच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ उतरतेच. फोडणीच्या हिंगातही बहुधा मैदा असतो! त्यामुळे दळण घरच्या चक्कीवर आणि पोळपाट-लाटणे वेगळे, ही व्यवस्था अपरिहार्य ठरते. ती आयुष्यभराची. स्वयंपाकघर त्यामानाने लवकर सावरते. अवघड असते ते 'एका घासाने काय होते?' असे म्हणणाऱ्या आजीला पटवणे. कारण त्या घासानंतर अनेकदा पोट दुखतही नाही. आतड्याची झीज मात्र होत राहते.