पाकीट परत पाठवून घर वाचत नाही

बँकेचं रजिस्टर पाकीट आलं की पोस्टमनला ‘साहेब गावाला गेलेत’ म्हणून सांगायचं. सही केली नाही तर नोटीस लागूच होत नाही, ही समजूत बरीच जुनी आहे. कर्जदार नोटीस टाळतोय असं दिसलं, तर ती दारावर चिकटवून आणि दोन वर्तमानपत्रांत छापून बजावता येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणजे जे सोसायटीपासून लपवायचं होतं, तेच जिन्यात सगळ्यांना वाचायला मिळतं.

‘तीन हप्ते चुकले की बँक कुलूप लावते’ ही उलट टोकाची भीती. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक ठरतं, हे खरं. पण त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते, आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. मग ताबा; तोही आधी बहुधा कागदोपत्रीच. राहत्या घराचा प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँका सहसा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. दिवाणी कोर्टात मात्र ही केस चालत नाही, तिथे खेपा घालून दिवस जातात.

घर वाचतं ते त्या पहिल्या ९० दिवसांत, आणि हा हिशेब फारसं कुणी समजावून सांगत नाही. समजा, जून, जुलै आणि ऑगस्टचे हप्ते थकले. ऑगस्टअखेर निदान जूनचा हप्ता पूर्ण भरला, तर सर्वांत जुनी थकबाकी जुलैची उरते आणि दिवस तिथून मोजले जातात. खातं एनपीए होण्यापासून वाचतं. पण एकदा का ते एनपीए झालं, की एका हप्त्याने भागत नाही. सगळी थकबाकी फेडल्याशिवाय ते नियमित होत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये जे काम एका हप्त्यात होतं, त्याला सप्टेंबरात तीन-चार लागतात. भिशीचे पैसे आधी कुठे घालायचे, हे यावरून ठरवावं.

त्याहून बरं म्हणजे हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागणं. ३० लाख बाकी, व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षं असेल तर हप्ता साधारण ३०,४२८ रुपये. २५ वर्षं केली तर २५,१७६. महिन्याला पाच हजार सुटतात, पण एकूण परतफेड वीस लाखांनी वाढते. महागच आहे. बँक ‘हो’ म्हणेलच असंही नाही, पण खातं स्वच्छ असताना मागणाऱ्याचं ऐकून घेतलं जातं.

‘हप्ता थकला तर तुरुंगात टाकतात’ हे खोटं. कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही. पण चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला, तर त्यावर फौजदारी खटला होऊ शकतो. फोनवरचा वसुलीवाला या दोन गोष्टींची सोयीस्कर गल्लत करतो. त्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची परवानगी नाही, हेही त्याला ऐकवावं.

नाहीच झेपलं, तर घर स्वतः विकण्यात कमीपणा कसला? बँकेकडून ‘फोरक्लोजर लेटर’ मागावं. अमेरिकेत हा शब्द जप्तीचा. आपल्याकडे तो कर्ज मुदतीआधी फेडून टाकण्याचा. घेणाऱ्याची बँक तुमची बाकी परस्पर भरते, उरलेले पैसे तुमचे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. मात्र ६० दिवसांची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. लिलावात जास्त पैसे आले तर कर्ज आणि खर्च वजा जाता बाकी मालकालाच मिळते. पण कमी आले, तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्या आणि सहीपुरत्या सहकर्जदार झालेल्या बायकोच्या मागे लागू शकते.

आणि लिलावाच्या दिवशी नोटांची थैली घेऊन धावत येणारा मुलगा? तो सिनेमात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये तेच सांगितलं.