मेणात घडणारा आत्मविश्वास

वाचकहो, मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या एखाद्या तरुणाचा चेहरा आपण कधी न्याहाळला आहे काय? प्रमाणपत्रांची पिशवी मांडीवर, तोंडास कोरड, आणि पाठ असलेली उत्तरेही ऐन वेळी निसटतील अशी धास्ती. 'जरा आत्मविश्वास बाळग' हा उपदेश त्यास घरून मिळालेला असतोच. परंतु तो आणावयाचा कोठून, हे सांगणारा क्वचितच भेटतो. या प्रश्नाचे एक उत्तर तमिळनाडूतील एका लहानशा गावाच्या धंद्यात सापडते.

कुंभकोणमजवळ, कावेरीच्या काठी स्वामीमलै वसले आहे. ज्या तंजावर मुलखात सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी मराठी राज्य स्थापिले, त्याच मुलखातले हे गाव. येथील स्थपती घराणी पिढ्यान्‌पिढ्या पंचलोहाच्या देवमूर्ती ओतीत आली आहेत. दिल्लीच्या भारत मंडपमपुढे २०२३ साली उभारलेला २७ फूट उंचीचा, सुमारे १८ टन वजनाचा नटराज येथीलच राधाकृष्णन स्थपती व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविला.

त्यांची पद्धती प्राचीन आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही तिचे वर्णन आढळते. प्रथम मूर्ती घडते ती धातूची नव्हे, मेणाची. मेणात राळ व तेल मिसळून हात, मुकुट, दागिने, बोटांची मुद्रा असे सारे घडवितात. त्यावर नदीकाठच्या बारीक गाळमातीचे लेप एकावर एक चढवून सावकाश वाळवितात. मग साचा तापविला, की आतील मेण वितळून वाहून जाते आणि रिकाम्या जागेत धातूचा रस ओततात. तो निवाला, की साचा फोडावयाचा. एका साच्यातून एकच मूर्ती. दुसरीसाठी पुन्हा मेणापासून आरंभ.

आता विचार करा. मेण गेले, रस आत गेला. आत काय झाले आहे ते साचा फुटेपर्यंत कोणासही दिसत नाही. मग ओतणाऱ्याचा हात कशाच्या बळावर स्थिर राहतो? जन्मजात धीटपणाच्या, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. चुका करावयाच्या त्या त्याने मेणात करून घेतलेल्या असतात. मेणाचे बोट वाकडे झाले तर किंचित ऊब देऊन सरळ करता येते, नाक बिघडले तर नवे बसविता येते. धातूत तीच चूक छिन्नीनेही पुरती निघेलच असे नाही. आपल्या मुलांना मात्र आपण कित्येकदा थेट धातूच ओतावयास लावतो. घरात चार माणसांपुढे कधी बोलू दिले नाही, आणि एकदम स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर उभे केले. बँकेची पावती कधी स्वतः भरू दिली नाही, आणि नोकरी लागताच हिशेबाची जबाबदारी शिरावर दिली.

दुसरी गोष्ट मापाची. मूर्ती आरंभताना स्थपती नारळीच्या पात्याची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून तिला घड्या घालतो, व त्या घड्यांवरून प्रत्येक अवयवाचे प्रमाण ठरवितो. शिव-विष्णूंच्या मूर्तीस उत्तम दशताल, म्हणजे १२४ भाग. देवीस मध्यम दशताल, १२० भाग. 'मूर्ती चांगली झाली का?' असे त्यास येणाऱ्या-जाणाऱ्यास विचारीत बसावे लागत नाही. पट्टी लावून तो स्वतःच पाहतो. कचेरीत नव्याने रुजू झालेली मुलगी वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहूनच आपले काम जोखू लागली, तर त्यांच्या कपाळावरील एका आठीने तिचा दिवस नासतो. बेरीज दोनदा पडताळली, पत्रातील तारखा मूळ कागदाशी ताडल्या, की तिच्या हाती तिची स्वतःची पट्टी आली. फाजील आत्मविश्वास आणि खरा आत्मविश्वास यांतील भेदही बहुधा इतकाच असावा: पहिल्याजवळ माप नसते.

गावास नाव देणारे स्वामीनाथाचे मंदिर सपाट प्रदेशात रचलेल्या उंचवट्यावर आहे. साठ संवत्सरांच्या नावांच्या साठ पायऱ्या चढून तेथे जावे लागते. कथा अशी, की बाल मुरुगनाने ब्रह्मदेवास ओंकाराचा अर्थ विचारला, तो त्यास सांगता येईना. तेव्हा शिवांनी मुलास विचारले, 'तुला तरी ठाऊक आहे काय?' मुलगा म्हणाला, 'शिष्य होऊन ऐकाल, तर सांगतो.' आणि पिता शिष्य होऊन ऐकू लागला. म्हणूनच तमिळमध्ये या देवास तगप्पनस्वामी, म्हणजे बापाचा स्वामी, असेही म्हणतात.

या कथेत सर्वजण मुलाचे कौतुक करितात. मला तर बापाचे अधिक वाटते. आपल्याकडे पाहुण्यांसमोर मुलगा काही सांगू लागला, की दुसऱ्याच वाक्यास आपण त्याला थांबवितो, अन्यथा ते वाक्य आपणच पुरे करून टाकतो. आज रात्री जेवताना घरातील सर्वांत धाकट्यास, शाळेत शिकलेली पण आपणांस ठाऊक नसलेली एखादी गोष्ट समजावून सांगावयास लावून पाहा. तो मध्येच अडखळेल. तेव्हा आपण पोळीचा घास तोंडात घालावा आणि तो पुढे बोलेपर्यंत सावकाश चावीत राहावे.